बोटभर पट्टी आणि साडेसहाशे सीसीचे एंजिन

मोटारसायकल ही वस्तू तुम्हाला नवी नाही. घरी नसली तरी शेजारी असते, आणि शाळेच्या वाटेवर तर दहा दिसतात. परंतु साऱ्याच मोटारसायकली एका जातीच्या नसतात. काही केवळ डांबरी रस्त्यासाठी बांधलेल्या असतात. काही फक्त चिखलमातीतल्या शर्यतींसाठी असतात. त्यांना ना दिवे, ना नंबरपाटी, त्यामुळे रस्त्यावर त्यांना मज्जाव. या दोन टोकांच्या मध्ये एक तिसरी जात आहे. तिला दिवे, आरसे, भोंगा, नंबरपाटी असे सारे काही कायद्याप्रमाणे असते, म्हणून ती रस्त्यावरून जाऊ शकते. आणि तिचे पुढचे चाक मोठे, बूड जमिनीपासून उंच व स्प्रिंगांची हालचाल लांब असल्याने दगडधोंड्यांची वाटही ती तुडवते. अशा गाडीला ‘ड्युअल-स्पोर्ट’ म्हणतात. आपण तिला ‘दुहेरी वाटेची गाडी’ म्हणू या. १९६८ साली अमेरिकेत आलेल्या यामाहाच्या डीटी-१ या गाडीने हा प्रकार लोकप्रिय केला.

या लेखात आपण अशाच एका जुन्या गाडीचे एंजिन उघडून पाहणार आहोत. तिचे नाव कावासाकी केएलआर ६५०. ती १९८७ साली बाजारात आली आणि पुढची वीस वर्षे जवळजवळ तशीच राहिली. २००८ साली तिच्यात बऱ्याच सुधारणा झाल्या, तरी कार्ब्युरेटर कायम राहिला. कार्ब्युरेटरवर चालणारी ही गाडी २०१८पर्यंत निघाली. इंधन फवारणीची नवी आवृत्ती २०२२चे मॉडेल म्हणून आली. अमेरिकेत या जुन्या गाड्या अजूनही धावतात. त्यांचे मालक त्या बहुधा स्वतःच दुरुस्त करतात, आणि आपल्या गरजेप्रमाणे त्यांत बदलही करतात.

तुम्ही म्हणाल, यात विज्ञान कुठे आले? हे तर पाना-पक्कडीचे काम! पण थोडा धीर धरा. पाना हातात घेण्यापूर्वी या मंडळींना जे प्रश्न पडतात, ते तुमच्या भौतिकीच्या पुस्तकातलेच असतात.

एका पिस्टनची ओढाताण

केएलआर ६५०चे एंजिन एका सिलिंडरचे आहे. आत एकच दट्ट्या, म्हणजे पिस्टन. सिलिंडरचा व्यास १०० मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ८३ मिलिमीटर. यावरून सिलिंडरचे आकारमान तुम्हीच काढा. ते सुमारे ६५२ घन सेंटिमीटर येईल. ‘साडेसहाशे सीसी’ म्हणतात ते हेच.

आता समजा, एंजिन मिनिटाला ५,००० फेरे घेत आहे. म्हणजे सेकंदाला सुमारे ८३ फेरे. प्रत्येक फेऱ्यात पिस्टन एकदा वर व एकदा खाली जातो, म्हणजे १६६ मिलिमीटर अंतर तोडतो. सेकंदाला हे अंतर जवळजवळ १४ मीटर होते. हा वेग ताशी ५० किलोमीटर झाला! तोही सरासरी. शिवाय पिस्टनला प्रत्येक धावेच्या शेवटी पूर्ण थांबावे लागते आणि उलट दिशेला पळावे लागते. सेकंदात १६६ वेळा थांबणे आणि १६६ वेळा पुन्हा सुटणे.

थांबणे आणि सुटणे म्हणजे त्वरण, आणि त्वरण म्हटले की न्यूटनचा दुसरा नियम आलाच. गणित केले तर धावेच्या टोकाशी पिस्टनचे त्वरण गुरुत्वत्वरणाच्या हजारपटीहून अधिक भरते. पिस्टनचे वस्तुमान अर्धा किलो धरा. मग त्याला थांबवायला साडेपाच हजार न्यूटनहून मोठे बल लागते. म्हणजे एंजिनाच्या सांगाड्याला जणू ५८० किलोचा भार वर-खाली हिसके देत आहे, आणि तेही सेकंदाला ८३ वेळा! हे हिसके तसेच सोडले, तर स्वाराचे हात बधिर होतील, नटबोल्ट सैल पडतील आणि सांगाड्याला तडे जातील.

यावर पहिला उपाय असा की, क्रँकशाफ्टवर पिस्टनच्या विरुद्ध बाजूला वजन बसवायचे. पिस्टन वर गेला की वजन खाली. पण येथे एक मेख आहे. पिस्टन फक्त वर-खाली जातो. वजन मात्र गोल फिरते. ते अर्ध्या वाटेवर असताना आडवा हिसका देते, आणि त्याला तोलायला तेथे कोणी नसते. म्हणजे उभा हिसका गेला आणि आडवा आला. रोग बदलला, रोगी काही बरा झाला नाही!

मग अभियंत्यांनी युक्ती केली. लागणाऱ्या वजनापैकी निम्मे वजन क्रँकशाफ्टवर ठेवायचे, आणि उरलेले निम्मे उलट दिशेने तेवढ्याच वेगाने फिरवायचे. हे समजायला एक कृती करा. दोन्ही हात समोर धरा आणि मुठी एकमेकींच्या उलट दिशेने गोल फिरवा. दोन्ही मुठी एकाच वेळी वर जातात आणि एकाच वेळी खाली येतात; परंतु एक डावीकडे जाते तेव्हा दुसरी उजवीकडे. म्हणजे उभी बले एकमेकांत मिळतात आणि आडवी बले एकमेकांना खातात. पिस्टनचा उभा हिसका तोलायला नेमके हेच हवे असते. अशा फिरत्या वजनांना ‘बॅलन्सर’ म्हणतात. केएलआरमध्ये असे दोन बॅलन्सर आहेत आणि ते क्रँकशाफ्टवरून एका साखळीने फिरवले जातात.

ती बोटभर पट्टी

साखळी म्हटली की झीज आली. साखळी ताणली गेली असे आपण म्हणतो. वास्तविक तिच्यातले लोखंड लांबत नाही. प्रत्येक सांध्यातली खीळ आणि भोक थोडेथोडे झिजतात, आणि अशा अनेक सांध्यांची झीज मिळून साखळी लांब होते. सैल साखळी फडफडते, आजूबाजूला आपटते. तिने दात सोडला तर बॅलन्सरची वेळ चुकते, आणि मग जो हिसका तोलायचा, त्यातच भर पडते.

म्हणून साखळी ताणून धरायची सोय केलेली असते. केएलआरमध्ये त्यासाठी एक बोटभर लांबीची लोखंडी पट्टी आहे. ती एका दांड्यावर बसते. या दांड्यावरचे दातेरी चाक मध्याच्या किंचित बाजूला आहे, म्हणून दांडा थोडा वळवला की चाक सरकते आणि साखळी ताणली जाते. पट्टीला एक स्प्रिंग ओढत असते आणि एक बोल्ट जागेवर पकडून ठेवतो. ठरावीक किलोमीटर झाले की मालकाने बाहेरून तो बोल्ट सैल करायचा. स्प्रिंग पट्टीला ओढेल, सैल साखळी घट्ट होईल. मग बोल्ट पुन्हा आवळायचा. किती सोपे!

पण १९८७ ते २००७ या काळातल्या गाड्यांत ही पट्टी दोन तुकडे जोडून केलेली होती. काही गाड्यांत ती जोडाजवळ तडकली. काही गाड्यांत स्प्रिंग ढिली पडली. पट्टी थोडी सरकली की स्प्रिंगमध्ये ओढच उरेना. बाहेरून यातले काहीच दिसत नाही. आता विचार करा. मालक पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे प्रामाणिकपणे बोल्ट सैल करतो. आत स्प्रिंग ओढतच नाही. उलट साखळीच्या रेट्याने पट्टी मागे सरकू शकते. मालक बोल्ट आवळतो आणि समाधानाने हात पुसतो. त्याला वाटते साखळी घट्ट झाली. प्रत्यक्षात ती आधीपेक्षा सैल झालेली असते! आणि तडकलेल्या पट्टीचा तुकडा फिरत्या भागांत सापडला, तर सारे एंजिनच निकामी होण्याची भीती.

अमेरिकन बोलीत ज्या वस्तूचे नाव चटकन आठवत नाही तिला ‘डूहिकी’ म्हणतात. आपण ‘ते हे’ म्हणतो ना, तसेच. या पट्टीला मालकांनी हेच नाव दिले आणि ते रूढ झाले. मग काही कुशल कारागिरांनी एकसंध पोलादी तुकड्यातून कापलेली मजबूत पट्टी तयार केली. पुढे पिळाची, म्हणजे उंदराच्या सापळ्यात असते तशी स्प्रिंगही आली. तिची ओढ लांबच्या हालचालीतही टिकते. २००८च्या सुधारित गाडीत कारखान्यानेही पट्टी बदलली. ती अधिक मजबूत होती, मात्र स्प्रिंगविषयीची तक्रार मागे उरलीच.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. प्रत्येक गाडीतली पट्टी काही मोडली नाही. मूळ पट्टीवर वर्षानुवर्षे चाललेल्या गाड्याही आहेत. पण मोडलेल्या पट्टीची हकीकत दहा जणांना सांगितली जाते. न मोडलेल्या पट्टीची कोण सांगणार? म्हणून ऐकीव गोष्टींवरून ‘सगळ्याच मोडतात’ असे म्हणणे अशास्त्रीय ठरेल. मग पट्टी बदलायची कशाला? त्याचे कारण वेगळे आहे. पट्टीची किंमत थोडी आहे आणि ती मोडली तर होणारे नुकसान मोठे आहे. शक्यता कमी असली तरी परिणाम भारी असेल, तर आधीच खबरदारी घेणे शहाणपणाचे. धरणे, पूल आणि विमाने बांधणारे अभियंतेही हाच हिशेब मांडतात.

हे काम करताना घाई चालत नाही. पट्टीपर्यंत पोचायला क्रँकशाफ्टच्या टोकावरचे चुंबकी चाक काढावे लागते. ते निमुळत्या टोकावर घट्ट रुतून बसलेले असते. हातोड्याने ते निघत नाही. त्यासाठी पुलर नावाचे ओढून काढणारे हत्यारच लागते. पट्टीचा बोल्टही बेताने, पुस्तिकेत दिलेल्या मापानेच आवळायचा असतो. जास्त जोर केला तर तोच तुटतो.

जे वाजते ते बरे

सिलिंडरच्या डोक्यावर चार झडपा, म्हणजे व्हॉल्व्ह असतात. दोन हवा-पेट्रोल आत घेणाऱ्या आणि दोन जळलेले वायू बाहेर सोडणाऱ्या. झडप आणि तिला दाबणारा कॅम यांमध्ये मुद्दाम थोडी फट ठेवलेली असते. केएलआरमध्ये एंजिन थंड असताना ही फट आत घेणाऱ्या झडपांना ०.१० ते ०.२० मिलिमीटर आणि बाहेर सोडणाऱ्यांना ०.१५ ते ०.२५ मिलिमीटर हवी.

फट कशासाठी? उष्णतेने धातू प्रसरण पावतो म्हणून. पोलादाची १०० मिलिमीटर लांबीची सळई ३०० अंश सेल्सियसने तापवली, तर ती साधारण ०.३६ मिलिमीटरने लांबते. झडपेभोवतीचे ॲल्युमिनियमचे डोकेही तापून वाढते, त्यामुळे प्रत्यक्षातला फरक याहून वेगळा असतो. पण फट ठेवलीच नाही तर काय होईल याची कल्पना येते. झडप लांबेल आणि पूर्ण मिटणारच नाही.

मिनिटाला ५,००० फेरे होत असताना प्रत्येक झडप २,५०० वेळा आपल्या बैठकीवर आपटते. हजारो किलोमीटरनंतर बैठक झिजते, झडप किंचित वर सरकते आणि फट कमी होत जाते. फट मोठी असेल तर टकटक असा आवाज येतो. फट कमी झाली की आवाजही कमी होतो. मालक खूश होतो, ‘आता एंजिन कसे मऊ चालते!’ पण धोका तेथेच आहे. बाहेर सोडणारी झडप तापून लाल होऊ पाहते. बैठकीला टेकलेली असताना तिची उष्णता बैठकीत उतरते, म्हणून ती वाचते. फटच उरली नाही तर झडप टेकत नाही, थंड होत नाही, आणि तिच्या कडेवरून निसटणारे तप्त वायू तिला जाळून टाकतात. म्हणून जुने मेकॅनिक सांगतात, जे वाजते ते बरे. जे मुके झाले ते तपासा.

तपासायला फीलर गेज लागते. पोलादाच्या पातळ पात्यांचा तो जुडगा असतो. प्रत्येक पात्यावर जाडी लिहिलेली असते. जे पाते फटीत किंचित अडकत सरकते, तीच फटीची जाडी. या एंजिनात फट दुरुस्त करायला झडपेवरची छोटी चकती बदलतात. हिशेब वजाबाकीचा आहे. समजा, फट ०.०५ मिलिमीटर भरली आणि ती ०.१५ हवी आहे. जुनी चकती २.६० मिलिमीटर जाडीची आहे. तर नवी किती जाडीची घ्याल? उत्तर २.५०. मात्र वजाबाकीच्या जागी बेरीज झाली, तर झडप कायमची उघडी राहील!

पेट्रोलची नळी आणि दोन वॉशर

पेट्रोल नीट जळायला एक किलो पेट्रोलमागे सुमारे १४.७ किलो हवा लागते. हे मिश्रण बनवायचे काम कार्ब्युरेटरचे. हवा अरुंद गळ्यातून वेगाने जाते, तेथे दाब कमी होतो आणि पेट्रोल नळीतून वर खेचले जाते. या नळीत एक निमुळती सुई खालीवर होते. सुई वर गेली की नळीचे तोंड अधिक उघडते आणि पेट्रोल अधिक येते.

अमेरिकेत धुराविषयीचे नियम कडक असल्याने तेथील केएलआर कारखान्यातूनच थोड्या कमी पेट्रोलच्या मिश्रणावर लावलेल्या असत. थंडीत त्या सुरू व्हायला कुरकुरत आणि मधल्या वेगात अडखळत. मालकांनी यावर एक स्वस्त उपाय काढला. सुईच्या डोक्याखाली दोन बारीक वॉशर घालायचे. सुई तेवढी वर येते आणि मधल्या वेगात पेट्रोल थोडे वाढते. अकरा सेंटचा एक, असे दोन वॉशर, म्हणून या युक्तीचे नावच पडले ‘बावीस सेंटवाली’.

परंतु येथे फुकट काही मिळत नाही. पेट्रोल वाढले की खर्च वाढतो, आणि प्रमाणाबाहेर वाढले तर ते अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू अधिक निघतो. म्हणूनच धुरावर नियंत्रण ठेवणाऱ्या रचनेशी छेडछाड करण्यास अमेरिकेत कायद्याने बंदी आहे. सुईवर हात टाकण्यापूर्वी मालकाला स्पार्क प्लग पाहून अंदाज घेता येतो. प्लगचे टोक फिकट तपकिरी असेल तर मिश्रण ठीक. काजळीने काळे असेल तर पेट्रोल जास्त. पांढुरके असेल तर पेट्रोल कमी आणि एंजिन तापते आहे.

उंचीचाही विचार करावा लागतो. कोलोरॅडो राज्यातल्या काही डोंगरवाटा ३,५०० मीटरहून उंच आहेत. तेथे हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे ७० टक्केच असते. कार्ब्युरेटर काही प्रमाणात स्वतःला जुळवून घेतो, तरी हवा कमी आणि पेट्रोल त्या मानाने जास्त असे होतेच. मैदानात नीट चालणारी गाडी वर धापा टाकते. ती बिघडलेली नसते. तिला श्वास पुरत नसतो.

आणि गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल, तर कार्ब्युरेटरच्या वाटीतले पेट्रोल काढून टाकावे. पेट्रोलचे हलके भाग उडून जातात, मागे चिकट राळ उरते आणि ती सुईच्या टोकाएवढी भोके बुजवते.

एक दात कमी, एक दात जास्त

सर्वांत सोपा बदल म्हणजे स्प्रॉकेटचा. केएलआरच्या पुढच्या स्प्रॉकेटला १५ दात आहेत आणि मागच्याला ४३. म्हणजे पुढचे चक्र २.८७ वेळा फिरते तेव्हा मागचे चाक एकदा फिरते. आता पुढे १६ दातांचे चक्र लावले तर हे प्रमाण २.६९ होते, आणि १४ दातांचे लावले तर ३.०७.

याचा अर्थ काय? पूर्वी ज्या वेगाला एंजिन मिनिटाला ५,००० फेरे घेत होते, त्याच वेगाला १६ दातांवर सुमारे ४,६९० फेरे पुरतात. पिस्टनचे हिसके फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात असतात, म्हणून ते सुमारे १२ टक्क्यांनी घटतात. लांबच्या महामार्गावर एंजिन शांत राहते. पण चढावर मागच्या चाकाची ओढ ६ टक्क्यांनी कमी होते. १४ दात लावले तर उलटे: ओढ ७ टक्क्यांनी वाढते, खडकाळ चढ सोपा होतो, पण त्याच वेगाला एंजिनला सुमारे ५,३६० फेरे घ्यावे लागतात. जे ओढीत मिळवले ते वेगात गमावले. ही तरफेचीच गोष्ट, फक्त गोल आकाराची.

भार कुठे जातो?

या गाडीची टाकी २३ लिटरची आहे, म्हणून लोक तिच्यावरून दूरच्या सफरी करतात आणि मागे सामानाच्या जड पेट्या बांधतात. सीट आणि सामान पेलणारा मागचा सांगाडा मुख्य सांगाड्याला बोल्टांनी जोडलेला आहे. सामान चाकाच्या मागे लोंबते, रस्त्यातला खड्डा तरफेसारखा काम करतो आणि वरचे दोन बोल्ट कातरले जातात. यावर मालक अधिक चांगल्या पोलादाचे किंवा अधिक जाड बोल्ट बसवतात. बोल्ट वाचतो खरा. पण भार तर नाहीसा होत नाही! तो पुढच्या दुबळ्या जागेकडे सरकतो. म्हणून शहाणा मालक बोल्ट बदलतो आणि सामानही कमी करतो.

ब्रेकचेही असेच. पुढच्या ब्रेकच्या रबरी नळीत तेल दाबले की नळी किंचित फुगते आणि थोडा दाब फुगण्यातच जातो. पोलादी तारांचे वेष्टण असलेली नळी फुगत नाही, म्हणून पास्कलच्या नियमाप्रमाणे हाताचा दाब पुरेपूर पोचतो. पण नळी नवी घातली आणि तेल जुनेच ठेवले तर काय उपयोग? ब्रेकचे तेल हवेतले पाणी शोषते. डॉट ४ जातीचे ताजे तेल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी शोषल्यावर ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकते. लांब उतारावर ब्रेक तापला, तेल उकळले आणि त्यात वाफ झाली, की मूठ आवळली तरी गाडी थांबत नाही. वाफ दाबली जाते, तेल दाबले जात नाही. म्हणून चकचकीत नळीपेक्षा दर दोन वर्षांनी बदललेले साधे तेल अधिक मोलाचे. आधी देखभाल, मग बदल, हा क्रम कधी मोडू नये.

बदल किती टोकाला जाऊ शकतो याचेही उदाहरण याच गाडीचे आहे. युद्धभूमीवर रणगाडे, ट्रक, मोटारसायकली साऱ्यांना एकच इंधन पुरवता यावे, अशी अमेरिकन सैन्याची इच्छा होती. हे इंधन म्हणजे जेपी-८, रॉकेलच्या जातीचे. ते पेट्रोलच्या एंजिनात चालत नाही. तेव्हा कॅलिफोर्नियातल्या हेज डायव्हर्सिफाइड टेक्नॉलॉजीज या कंपनीने केएलआर ६५०च्या आधारे डिझेल मोटारसायकल तयार केली. मरीन दलाने ती ‘एम १०३० एम १’ या नावाने वापरली. तिच्यात स्पार्क प्लगच नाही; दाबाने तापलेल्या हवेतच इंधन पेटते. येथे वॉशर घालून भागले नाही. एक गोष्ट बदलायची म्हणून एंजिनाची ज्वलनाची सारी रीतच बदलावी लागली.

आता तुमची पाळी

मोटारसायकल उघडायला अजून तुमचे वय व्हायचे आहे. शिवाय आपल्याकडे मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत परस्पर बदल करता येत नाही. झिजलेला भाग बदलणे वेगळे आणि गाडीचे रूप बदलणे वेगळे. पण सायकल तर तुमच्या हाताशी आहे. तिच्यावर हे करून पाहा.

पुढच्या आणि मागच्या चक्राचे दात मोजा. पुढे ४४ आणि मागे १८ असतील, तर पायट्याच्या एका फेऱ्यात मागचे चाक किती फिरेल? चाकाचा परीघ दोरीने मोजा आणि एका फेऱ्यात सायकल किती पुढे जाईल ते आधी कागदावर काढा. मग अंगणात खडूने खूण करून प्रत्यक्ष मोजा. दोन उत्तरांत फरक आला तर का आला, तेही लिहा.

साखळीची झीज मोजा. सायकलच्या साखळीत एका खिळीपासून पुढच्या खिळीपर्यंतचे अंतर १२.७ मिलिमीटर असते. म्हणजे २४ कड्यांची लांबी नव्या साखळीत ३०४.८ मिलिमीटर भरायला हवी. ती साधारण ३०८ मिलिमीटर भरली तर झीज एक टक्का झाली. साखळी बदलण्याची वेळ झाली. तशीच वापरत राहिलात तर ती चक्राचे दातही खाईल. गुरुजींनी वर्गातल्या वीस सायकलींची अशी नोंद करून घेतली, तर तेलपाणी करणाऱ्यांच्या आणि न करणाऱ्यांच्या साखळ्यांत काय फरक आहे, हे तुमचे तुम्हालाच दिसेल.

आणि एक छोटी वही ठेवा. केव्हा तेल घातले, केव्हा ब्रेकचे रबर बदलले, कोणता आवाज कधीपासून येऊ लागला, हे तारखेसह लिहा. यंत्र बोलत असते. पण आज ते काय बोलले, हे कालची नोंद असल्याशिवाय कळत नाही. उद्या काही बदलावेसे वाटले, तर पाना उचलण्यापूर्वी त्याच वहीत दोन ओळी लिहा: हे मी का बदलतो आहे, आणि बदलल्यावर इथला भार कुठे जाईल? या दोन ओळी लिहिता आल्या, तर खुशाल पाना उचला. लिहिता आल्या नाहीत, तर आधी थोडे मोजमाप करा.